वरच्या मजल्यावरचा ‘की’

2007 साल असावं. आमच्या वरच्या दोन खोल्या आई तेव्हा विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायची, आणि त्या वर्षी तिथे इराणहून आलेला एक मुलगा राहायला आला. पुण्यात त्या काळात इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. आईला इराणी म्हणजे चहा आणि बनमस्का एवढंच माहीत. तिने पहिल्याच दिवशी त्याला, तुझ्या वडिलांचं हॉटेल कुठे आहे रे, असं विचारून घेतलं. वडील शाळामास्तर निघाले. गाव झंजान. तेहरानहून तबरीझला जाताना वाटेत लागतं, आणि चाकूंसाठी नावाजलेलं आहे. पहिल्या सुट्टीहून परतताना त्याने आईसाठी तिथला एक घडीचा चाकू आणला. जन्मभर विळीवर बसलेली बाई ती, चाकूचं करायचं काय हेच तिला कळेना. शेवटी देवाच्या फुलांचे देठ कापायला म्हणून तो देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसला, तो आजही तिथेच आहे.

खोलीत मोबाइलला रेंज यायची नाही, म्हणून तो जिन्याच्या चौकात उभा राहून घरी फोन करायचा. माझं टेबल जिन्याला लागून. मी मुद्रितं घरी आणायचे आणि रात्री तपासत बसायचे. त्याचं बोलणं अर्थातच कळत नसे, पण दर दोन वाक्यांआड त्यातून एक ओळखीचा शब्द डोकवायचा. की. अमुक की तमुक. मग बरंच काही, मग पुन्हा की. आपल्याकडचाच कुणीतरी बोलतोय आणि बाकीचे शब्द तेवढे वाऱ्याने उडालेत, असं वाटायचं.

फारसी बोलत असणार, हे मी धरूनच चालले होते. एकदा सहज म्हटलं, फारसी कानाला गोड लागते हो. तो हसला. ‘काकू, आईशी फारसी नाही. आईशी तुर्की. फारसी शाळेत.’ त्याच्या मराठीत विभक्त्या येऊन-जाऊन असायच्या, पण कळायचं सगळं. त्यांच्या घरात, गल्लीत, बाजारात जी बोलतात तिला ते लोक तुर्कीच म्हणतात. पुस्तकात तिला आझरबैजानी नाव आहे. इस्तंबूलच्या तुर्कीची ही सख्खी बहीण. इराणच्या वायव्येला तबरीझ, अर्दबील, झंजान या भागात तीच घरची भाषा, आणि शाळा, कचेरी, टीव्ही मात्र फारसीत.

विषय तिथेच संपला. तुर्की तर तुर्की. मला काय करायचं होतं?

त्यानंतर तेरा वर्षांनी, टाळेबंदीत, मुद्रितं येईनाशी झाली आणि मी वेळ घालवायला फोनवर तुर्की शिकायला लागले, इस्तंबूलची, मालिकांमधली. मराठी माणसाने तुर्की शिकावी, एवढंच मी सांगेन. इंग्रजीने आपल्याला जे उलटं चालायला लावलं ते इथे नाही. क्रियापद शेवटी, विशेषण आधी, प्रत्यय शब्दामागे. ‘मी उद्या पुण्याला जाणार’ हे ज्या क्रमाने मनात येतं त्याच क्रमाने तुर्कीत उतरवता येतं. ‘काल आलेला माणूस’ म्हणजे ‘द्युन गेलेन आदाम’. द्युन म्हणजे काल, गेलेन म्हणजे आलेला, आदाम म्हणजे माणूस. शब्दाला शब्द ठेवत जायचं.

आणि ऐकीव गोष्ट सांगायची तऱ्हा! ‘आला’ म्हणजे ‘गेलदी’, डोळ्यांनी पाहिलं. ‘गेलमिश’ म्हणजे आला म्हणे. आपलं हे ‘म्हणे’ इंग्रजीत कसं सांगावं यावर मी उमेदीच्या काळात काही तास घालवले असतील. तुर्कीत ते क्रियापदाच्या रूपातच शिवून टाकलंय. आमची आई उभ्या आयुष्यात बातमी म्हणून जे काही बोलली ते सगळं ‘मिश’मध्ये बोलली. पाणी जाणार आहे म्हणे. जोश्यांची सून वेगळी राहते म्हणे.

तर हे सगळं माझ्या बोटांत बसत असताना एक गोष्ट खटकायला लागली. धडे संपत आले तरी जिन्यातला तो ‘की’ कुठे भेटेना. ‘तो आल्याचं मला माहीत आहे’ हे तुर्कीत ‘गेलदिइनी बिलियोरुम’. गेल हा धातू, म्हणजे ये. त्यापुढे ‘आल्या’मधलं ‘ल्या’ जे काम करतं ते करणारा एक प्रत्यय, त्यापुढे ‘त्याचं’, त्यापुढे कर्माची विभक्ती. आल्याचं. मग बिलियोरुम, म्हणजे जाणते. क्रियापदाचं आधी नाम केलं, त्याला विभक्ती लावली आणि मुख्य क्रियापदाच्या पुढ्यात आणून बसवलं. यात ‘की’ला जागाच नाही. तुर्की कुळातल्या भाषांचा हा पिंडच आहे. पोटवाक्य म्हणून वेगळं काही ठेवायचं नाही, त्याचं नाम, विशेषण नाही तर क्रियाविशेषण करून मुख्य वाक्यात कालवून टाकायचं.

मग तो मुलगा जिन्यात काय बोलत होता?

तो आता कॅनडात असतो. सणावाराला निरोप येतो. मी त्याला लिहिलं, ‘मला माहीत आहे की तो आलाय’ हे तू आईशी कसं म्हणशील, बोलून पाठव. लगेच आवाज आला: ‘बिलिरॅम की गॅलिब.’ फारसीत? ‘मीदानम के आमदे.’ दोन्ही वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहिली. जाणते, की, आलाय. शब्द तुर्की, बांधणी शंभर टक्के फारसी. क्रियापद उठून पुढे गेलंय, मग ‘की’, आणि त्यामागे दुसरं क्रियापद आपल्या पूर्ण रूपात, नाम न होता, विभक्ती न लेवता, ताठ उभं. ‘आल्याचं’मधली ती नाजूक जुळणी कुठल्या कुठे गेली.

‘काल आलेला माणूस’ विचारला. इस्तंबूलसारखा विशेषणाचा प्रकारही येतो म्हणाला, पण तोंडात सहज बसतं ते ‘ओ किशी की द्युनॅन गॅल्दी’. तो माणूस की काल आला. फारसीत ‘आन मर्द के दीरूझ आमद’. पुन्हा एकाखाली एक.

या ‘की’शी माझं आधीपासूनचं भांडण आहे, ते सांगायला हवं. मी मुद्रितशोधन शिकले त्या ठिकाणी जे वडीलधारे होते त्यांना ‘की’चा मनस्वी राग. ‘अशी एक गोष्ट की जी मला आठवते’ असं कुणी लिहिलं, तर ते मजकुरावर लाल पेन्सिलीने ‘की जी’ला एवढा मोठा फास काढायचे. ‘मला आठवणारी गोष्ट म्हणायला काय होतं यांना?’ ‘त्याने सांगितलं की मी येतो’ याचं ‘मी येतो असं त्याने सांगितलं’ करायचं. ‘वाटतं की’ दिसलं, काढा. मी वर्षानुवर्षं ‘की’ काढले. किती हजार, देव जाणे. त्यांच्या मते हा सगळा इंग्रजीचा संसर्ग. इंग्रजी शाळांतली मुलं मराठी लिहायला लागली आणि वाक्यं उलटी झाली.

इंग्रजीने त्याला खतपाणी घातलं हे खरंच. पण शिवकाळातल्या पत्रांत ‘की’ सुखाने नांदतो, तिथे कुठली आलीय इंग्रजी? ज्ञानेश्वरीतही ‘कीं’ आहे, पण तो बहुतेकदा ‘किंवा’चा, प्रश्नाचा, जोर देण्याचा, संस्कृत ‘किम्’च्या घराण्यातला. ‘म्हणाला की’मधला जो की आहे त्यात फारसी ‘कि’चा हात किती आणि घरचा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला आपलं वाटतं, घरात एक ‘कीं’ होताच. त्याच नावाचा पाहुणा आला, दोघे एका ताटात जेवले, आणि पुढे कोण कुठला हे ओळखू येईनासं झालं.

तुर्कीतही नेमकी हीच गंमत आहे, आणि ती कळल्यावर मी मोठ्याने हसले. तुर्की भाषेचा स्वतःचा एक अस्सल ‘की’ आहे. ‘एवदेकी’ म्हणजे घरातला. ‘-तला’ जे काम करतो ते हा प्रत्यय करतो, आणि तो शब्दाला चिकटून लिहायचा. फारसीतून आलेला ‘की’ सुटा लिहायचा. तुर्कस्तानातली शाळकरी मुलं या जोडून की तोडून प्रकरणात आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखी मार खातात. त्यात पुन्हा अपवाद. ‘बेल्की’ म्हणजे कदाचित, ‘सान्की’ म्हणजे जणू, ‘च्युन्क्यु’ म्हणजे कारण. या शब्दांत फारसी ‘की’ असूनही जोडूनच लिहायचं. हे अपवाद ध्यानात राहावेत म्हणून त्यांची आद्याक्षरं जुळवून ‘सिमबोहचाम’ असा एक निरर्थक शब्द शिक्षकांनी केलाय आणि पोरं तो घोकतात.

त्यातला ‘च्युन्क्यु’ जवळून बघण्यासारखा आहे. फारसीत तो ‘चुन-कि’. आझरबैजानीत अजून ‘च्युन्की’. इस्तंबूलला मात्र शेवटचा ‘की’सुद्धा ओठांचा चंबू करून ‘क्यु’ झालाय, कारण तुर्कीत एका शब्दातल्या स्वरांनी एकमेकांना धरून राहायचं असतं. घर म्हणजे ‘एव’, घरं म्हणजे ‘एवलेर’. घोडा म्हणजे ‘आत’, घोडे म्हणजे ‘आतलार’. आधीचा स्वर जिभेच्या पुढच्या भागातला तर प्रत्ययातलाही पुढचा, मागचा तर मागचा. पाहुण्या ‘की’ने घरात येऊन वाक्यं फिरवली खरी, पण ‘च्युन्क्यु’त घराने त्याच्या तोंडाचा आकार बदलून घेतला.

हे सगळीकडे इतकं बरोबरीचं झालं नाही. ताश्कंद, समरकंद, बुखारा ही उझबेक मुलखातली जुनी शहरं. इथे शतकानुशतकं ताजिक, म्हणजे फारसीचंच पूर्वेकडचं रूप, आणि तुर्की एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात बोलली गेली. समरकंद-बुखाऱ्यात आजही ताजिक बोलतात. त्या शहरांच्या उझबेकीतून स्वरांचा तो मेळच निघून गेला. घरं ‘उयलार’, घोडे ‘ओतलार’, सगळ्यांना एकच ‘लार’. इस्तंबूलला ‘माझा डोळा’ आणि ‘माझा हात’ यांचे ‘माझा’ वेगवेगळे ऐकू येतात, ताश्कंदला ‘कोझिम’ आणि ‘कोलिम’, दोन्हीकडे निव्वळ ‘इम’. ज्यांच्या लहानपणच्या भाषेत असा काही नियमच नाही, अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती भाषा बोलू लागली, तर नियम टिकायचा कसा? 1929 मध्ये उझबेकीसाठी लॅटिन लिपी ठरली तेव्हा खेड्यांकडच्या, स्वर सांभाळणाऱ्या बोलींना धरून नऊ स्वरचिन्हं केली होती. 1934 मध्ये त्यांची सहा झाली. शहराचा उच्चार प्रमाण ठरला. सदाशिव पेठेचं नाव मी इथे मुद्दामच काढत नाही.

पण ‘की’ आणि ‘लार’ यांचं एक बरं, ते कानाला ऐकू येतात. मला जास्त नवल वाटलं ते न ऐकू येणाऱ्या उसनवारीचं. ‘मला जायला हवं’ हे इस्तंबूलला ‘गित्मेम गेरेक’, म्हणजे ‘माझं जाणं हवं’. पुन्हा तेच, क्रियापदाचं नाम करून. झंजानच्या जिन्यात ते ‘गॅरॅक गेदॅम’. हवं, मी जावं. फारसी काय म्हणते? ‘बायद बेरवम’. हवं, मी जावं. ‘मला जायचंय’ हेही तसंच, ‘इस्तिरॅम गेदॅम’, इच्छिते मी जावं, आणि फारसीत ‘मीख्वाहम बेरवम’. इथे एकही शब्द फारसी नाही! गॅरॅक तुर्की, गेदॅम तुर्की. सामान सगळं घरचं, मांडणी तेवढी शेजाऱ्यांची. फारसी शब्द शोधून काढायला बसलेल्याच्या हाती इथे काहीही लागणार नाही.

फोन करण्याचंच बघा. फारसीत ‘झंग झदन’, शब्दशः घंटा मारणे. आझरबैजानीत ‘झॅंग वुरमाक’. झॅंग फारसीतून उचलला, पण मारण्याचं क्रियापद, वुरमाक, घरचं वापरलं. तुर्कीत आपण म्हणतो तसं ‘फोन कर’ हे ‘एत’ने, म्हणजे ‘कर’ने, म्हणता येतंच. पण फारसी मारते म्हणून हेही मारतात. (आमच्या मुलाचे मित्रही ‘एक फोन मार’ म्हणायचे. ते झंजानहून आलं नसावं.)

लार्स योहानसन नावाचे एक स्वीडिश तुर्कविद्यापंडित आहेत. त्यांनी याला उसनवारी म्हणायचंच सोडून दिलं, ते नक्कल म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. उसनी साखर नेली तर शेजारणीच्या डब्यातली कमी होते आणि कधीतरी वाटी परत करावी लागते. भाषेतून नेलं तर कुणाचंच काही कमी होत नाही. आणि नक्कल करायची तर सगळीच करायला हवी असंही नाही. आवाज सोडून नुसता साचा उचलता येतो. ‘गॅरॅक गेदॅम’ ही तशी साच्याची नक्कल.

हा शेजार किती जुना म्हणावा? महमूद काश्गरीने 1070 च्या दशकात बगदादमध्ये बसून तुर्की बोलींचा अरबी भाषेत कोश केला. त्यात एक म्हण दिली आहे: ‘तातसिझ तुर्क बोलमास, बाशसिझ ब्योर्क बोलमास.’ तात म्हणजे फारसी बोलणारा. तातावाचून तुर्क नाही, डोक्यावाचून टोपी नाही. हाच काश्गरी दुसरीकडे बजावतो, ज्यांना एकच भाषा येते आणि जे फारसीवाल्यांत मिसळत नाहीत त्यांची तुर्की सर्वांत निर्मळ. म्हण एक सांगते, भाषेचा जाणता दुसरंच. काश्गरीला आमच्या लाल पेन्सिलवाल्यांच्या शेजारची खुर्ची द्यायला हरकत नाही.

मग आले सल्जूक, आणि त्यांच्यामागून कितीतरी. राज्य तुर्कांचं, दफ्तर फारसीचं, कविता फारसीची, हिशेब फारसीत. तलवार हातात असलेल्याची भाषा घरात राहिली आणि लेखणी हातात असलेल्याची दरबारात बसली. 1499 मध्ये, आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातला, अलीशेर नवाई या कवीने वैतागून एक आख्खा ग्रंथ लिहिला, दोन भाषांचा निवाडा. तुर्की फारसीपेक्षा सरस कशी, हे दाखवायला. फारसीला एका शब्दात सांगता येत नाहीत अशी शंभर तुर्की क्रियापदं त्याने मांडली. नुसत्या रडण्याचे प्रकारच किती, मुसमुसणं, कण्हणं, ओक्साबोक्शी रडणं, एकेकाला वेगळं क्रियापद. वाचताना ऊर भरून येतो. पण ग्रंथाचं नाव अरबी, आणि ज्या तुर्की गद्यात हा दावा मांडलाय ते फारसी-अरबी शब्दांनी आणि ‘कि’च्या वाक्यांनी काठोकाठ भरलेलं. नवाईला ते दिसत नसेल असं नाही. त्याच्यालेखी ती वाक्यं तुर्कीच होती, एवढंच.

नवाईच्या याच तुर्कीत, जिला चगताई म्हणतात, फरगण्याच्या बाबराने आपल्या आठवणी लिहिल्या. नातवाच्या, म्हणजे अकबराच्या, दरबाराला त्या सहज वाचता याव्यात म्हणून 1589 मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने त्यांचं फारसी भाषांतर केलं. दोन पिढ्यांत घरची भाषा भाषांतरातून वाचायची वेळ. दख्खनमध्येही वेगळं नव्हतं. कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हमदानकडचा, तुर्कमान घराण्यातला, पण गोवळकोंड्याचं दफ्तर फारसी. म्हणजे आपल्याकडे जी फारसी उतरली तिच्यातली कितीतरी तुर्क घराण्यांच्या छायेत उतरली. आईच्या देव्हाऱ्याजवळचा चाकू फारसीत ‘चाकू’च आहे, पण तिथे तो तुर्कीतून गेलेला. कैची तशीच. तोफ तशीच. तोफचीतला ‘ची’ हा तर सरळ तुर्की प्रत्यय.

हे वाचत असताना मराठीकडे वळून बघायची सवय लागली, आणि काही गोष्टी पन्नास वर्षं डोळ्यांसमोर असून दिसल्या नव्हत्या त्या दिसल्या. ‘किल्ले रायगड’. हे अनेकवचन नव्हे, आदरार्थीही नव्हे. फारसीत दोन नामं जोडताना पहिल्याला जो ‘ए’ लागतो तो हा, किल्ला-ए-रायगड. सातबाऱ्यावरचं ‘मौजे’ तसंच. उस्मानी, म्हणजे ऑटोमन काळातल्या, तुर्कीतही राज्याच्या नावापासून मासिकांच्या नावांपर्यंत हा ‘ए’ घट्ट बसला होता. पण तो पोशाखी. घरच्या बोलण्यात ना त्यांच्या गेला, ना आपल्या. मी कधी ‘खोली-ए-वरची’ म्हटलेलं नाही.

उलट ‘ऐवजी’, ‘शिवाय’, ‘बद्दल’. हे तिन्ही अरबी-फारसी वाटेचे. फारसीत ‘शिवाय’ नामाच्या आधी येतो. आपण त्याला मागे नेऊन उभं केलं: तुझ्याशिवाय. तुर्कीनेही तेच केलं. अरबी ‘कद्र’ उचलला, त्याचा ‘कादार’ केला आणि मागे लावला, ‘साबाहा कादार’, सकाळपर्यंत. बहुतेक पाहुणे असे असतात. सांगाल तिथे बसतात. ‘की’ तसा नाही. तो आला तो आपली बसायची जागा बरोबर घेऊन आला, आणि ती मांडायची तर क्रियापदाला उठावं लागलं.

1928 मध्ये तुर्कस्तानने लिपी बदलली, 1932 मध्ये भाषासंस्था स्थापन झाली, आणि अरबी-फारसी शब्दांची मोठी हकालपट्टी झाली. ‘मेक्तेप’ जाऊन शाळेला ‘ओकुल’ आला. आपल्याकडे साधारण त्याच काळात सावरकर तारखेला दिनांक आणि मेयरला महापौर करत होते. तिथे हजारो शब्द गेले, पण ‘की’ राहिला. ‘च्युन्क्यु’ राहिला, ‘हर’ म्हणजे प्रत्येक राहिला, ‘हिच’ म्हणजे मुळीच राहिला. इस्तंबूलच्या लिहिण्यात पोटवाक्याचं काम पुन्हा ‘गेलदिइनी’सारख्या रूपांकडे गेलं आणि ‘की’ जरा ठेवणीतला झाला, हे खरं. पण माणसं वैतागली की त्यांना तोच लागतो. ‘यापमादिम की!’ म्हणजे ‘मी केलंच नाही की!’ वाक्याच्या शेवटी, अगदी आपल्यासारखा. ‘ओयले योरुल्दुम की’, इतकी दमले की, आणि पुढे काही नाही, नुसता उसासा. हे वाक्य पहिल्यांदा मालिकेत ऐकलं तेव्हा मी भाषांतराची पट्टी वाचायची विसरले.

आणि उलट दिशेचं? समरकंदच्या त्या गल्ल्यांत फारसी तरी कुठे सोवळी राहिली? उत्तरेकडच्या बोलींत ताजिक माणूस ‘आलेला माणूस’ म्हणायला ‘ओमदगी ओदम’ म्हणतो, विशेषण पुढे, माणूस मागे. तेहरानच्या फारसीला हे उलटं वाटेल. ‘शिक्षकाचं पुस्तक’ म्हणायला ‘मुअल्लिमा किताबश’, शिक्षकाचं त्याचं-पुस्तक, हुबेहूब तुर्की ठेवण. पण मला सर्वांत आवडला तो ‘गुफ्ता’. उझबेकीत कुणाचं बोलणं सांगून झालं की मागे ‘देब’ येतो. दे म्हणजे म्हण, देब म्हणजे म्हणून. ‘येतो देब गेला.’ ताजिकांनी हे ऐकलं, आणि आपल्या ‘गुफ्तन’चं, म्हणण्याचं, रूप घेऊन वाक्यामागे ‘गुफ्ता’ लावायला सुरुवात केली. एका शेजाऱ्याने ‘की’ दिला, दुसऱ्याने ‘म्हणून’ दिलं.

आणि ‘येतो म्हणून गेला’ हे तर आपलंच. कन्नडात ‘अंता’, तेलुगूत ‘अनि’, मराठीत ‘म्हणून’. हे वळण आपल्याकडे दक्षिणेच्या शेजाराने रुजलं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ‘की’ काढून मी आयुष्यभर ज्याची प्रतिष्ठापना करत आले, ते लाल पेन्सिलीचं अस्सल मराठी वळणही निदान अर्धं शेजारच्यांचं. वडीलधारे आता नाहीत. असते तर हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं असतं, असंही नाही.

मी त्या मुलाला हे सगळं लांबलचक लिहिलं. तुमच्या तुर्कीतला ‘की’ फारसीचा आहे, ‘गॅरॅक गेदॅम’चा साचा फारसीचा आहे, वगैरे. दोन दिवस काही आलं नाही. मग मराठीतच बोलला, आता ती बरीच गंजली आहे. ‘काकू, पुस्तकात असेल. पण माझी आई फारसी नीट बोलत नाही. ती तुर्कीच बोलते. आणि ती की म्हणते. मग तो की आईचा.’ मागे कुठेतरी त्याची लहान मुलगी इंग्रजीत काहीतरी मागत होती. तो तिला तुर्कीत काहीतरी म्हणाला, त्यात तो शब्द होता की नाही, मी नीट ऐकलं नाही. मग पुन्हा मराठीत, आजी कशा आहेत, चाकू आहे का अजून, पुढच्या वर्षी बहुतेक भारतात यायला जमेल.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘वरचा मुलगा आठवतो का? तो म्हणतोय की पुढच्या वर्षी येईन.’

तिने मान हलवली. संध्याकाळी शेजारच्या वहिनी डोकावल्या तेव्हा तिला झोप लागलेली होती असं मला वाटलं, पण ती डोळे न उघडताच त्यांना म्हणाली, ‘आमचा इराणी येणार आहे म्हणे.’